हॉकीच्या कादंबरीचा मधला भाग

परत एप्रिल आलाय आणि परत माझा पाय घरात ठरत नाहीये. गॅलरीत जाते, आत येते, फ्रिज उघडते, बंद करते. फ्रिज उघडा टाकून उभं राहू नये हे मीच सानिकाला लहानपणापासून सांगत आले, आणि आता मीच त्या गार दारात तोंड घालून उभी असते. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगीत दुपारी नळाचं पाणीसुद्धा चहाला ठेवल्यासारखं येतं. खाली टँकर लागलाय, पाइप टाकीत सोडलाय, वॉचमन त्यावर पाय ठेवून बसलाय. आणि काल भाजी घेऊन येताना चौकात फ्लेक्स दिसला, उन्हाळी हॉकी स्पर्धा, सालाबादप्रमाणे. स्टिक उगारलेल्या कुणा पोराचा एवढासा फोटो आणि त्याच्या चौपट नेत्यांचे.  रविवारी मोरव्याहून माणसं येणार आहेत, सानिकाच्या लग्नाची तारीख धरायला, आणि माझी मुलगी माणसाशी लग्न करतेय की पुस्तकाशी, हे मला अजून कळलेलं नाही.

पुस्तकाशी म्हणजे काय, ते सांगते. सानिका माझी एकुलती एक. मालाडला एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी घेते; पगार घेऊन शिव्या खाते, असं ती स्वतःच म्हणते. घरी आली की पर्स एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि ही सोफ्यावर आडवी, नाकासमोर पुस्तक. गेल्या उन्हाळ्यात मी त्या पुस्तकांची कव्हरं पहिल्यांदा नीट बघितली. फिकट निळा रंग, कार्टूनसारखी चित्रं, एक मुलगी आणि तिच्यापेक्षा दीड हात उंच मुलगा, पायात बर्फावरचे बूट, हातात वाकडी काठी. मी म्हटलं, या वयात लहान मुलांची पुस्तकं कसली वाचतेस. ती इतकी हसली की उठून बसली. ही लहान मुलांची नाहीत, म्हणाली. ते किती खरं होतं हे मला पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा मी पुस्तक घाईघाईने पालथं ठेवलं होतं.

हॉकी रोमान्स म्हणतात याला. कुठल्या तरी थंड देशात बर्फावर हॉकी खेळणारे धिप्पाड पुरुष. रागीट, अबोल, नाकाचं हाड एकदा तरी मोडलेलं, दात मात्र सगळे शाबूत. मग एक मुलगी येते. कोचची बहीण असते, नाहीतर त्यांच्या दुखऱ्या खांद्यांची मालिश करणारी डॉक्टर, नाहीतर त्यांच्यावर लिहायला आलेली वार्ताहर. तो तिच्याशी धड बोलत नाही, नुसता बघतो. दोनशे पानं बघतो. मग विरघळतो. असं एक पुस्तक नाही, शेकड्यांनी आहेत, आणि सानिकाच्या ऑफिसातल्या अर्ध्या मुली तेच वाचतात.

आणि त्याच एप्रिलमध्ये हिला नितेश भेटला. नितेश भाईंदरजवळच्या मोरव्याचा, तिथल्या जुन्या घरातला. आजोबांची मिठागरं होती, भातशेती होती, आता त्या जागेवर गाळे आणि बिल्डिंगा आहेत. हा खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागलेला, साधी मातीवरची हॉकी खेळणारा. पुस्तकं वाचून वाचून सानिकाला खरी हॉकी बघायची हुक्की आली आणि ती मैत्रिणीबरोबर भाईंदरला मॅच बघायला गेली. बर्फ कुठला तिथे, धुळीने पापण्या पांढऱ्या होत होत्या. नितेश कडेला बाकावर बसला होता, सुजलेल्या गुडघ्यावर प्लास्टिकच्या पिशवीतला बर्फ धरून. अख्ख्या मैदानात बर्फ होता तो तेवढाच. हिने विचारलं, दुखतंय का. तो म्हणाला, हो. मग मॅच संपेपर्यंत एक शब्द नाही. आणि आमच्या बाईसाहेब घरी आल्या त्या हवेत तरंगतच.

मी बघून घेतलं त्याला. दाराएवढा उंच, अबोल, समोरचा अर्धा दात तुटलेला. माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. ही पोरगी पुस्तकातला माणूस शोधायला गेली आणि पहिला जो हॉकीवाला दिसला त्याच्यावर भाळली. हा बॅडमिंटन खेळत असता तर हिने ढुंकून बघितलं नसतं. मी तसं बोलूनही दाखवलं. सानिकाने माझ्या मांडीवर पुस्तक टाकलं आणि म्हणाली, आधी वाच, मग बोल.

आता मी काही अशी तशी ऐकणारी नाही. वाचायला घेतलं ते चुका काढायलाच. मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर बसते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची झुंबड असते, दुपारी मात्र शुकशुकाट. मशिनांसाठी एसी जोरात असतो, म्हणून मी साडीवर स्वेटर घालून बसते, एप्रिलमध्येसुद्धा. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं आणि मी काउंटरखाली पुस्तक धरून बर्फ वाचतेय. पहाटे रिंकवर, त्या बर्फाच्या मैदानावर, कोणी नसताना तो एकटा येतो, बुटांचं पातं बर्फावर घासल्याचा आवाज, तोंडातून वाफ. स्वेटरच्या बाह्या ओढून घेत मी पान उलटायची. कोणी रिपोर्ट मागायला आलं की मला वाटायचं, हा कुठून उपटला.

अडकले मी, खोटं कशाला बोलू. मारामाऱ्यांनी नाही, आणि ज्या पानांवर मी पुस्तक पालथं ठेवलं त्यांनीही नाही. एक छोटीशी गोष्ट होती. त्या मुलीला कांदा आवडत नाही, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं, आणि तो काही न बोलता तिच्या सँडविचमधला कांदा काढून स्वतःच्या ताटात घेतो. बस, एवढंच. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मला दुधी आवडत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, सानिकाचे बाबा अजून दर रविवारी बाजारातून दुधी आणतात. कोवळा आहे बघ, असं वर कौतुकानं सांगतात.

माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवला नाही, हात उचलायचा तर प्रश्नच नाही. पण चूक झाली तर चुकलो असं तोंडाने म्हणतील, तर शपथ. आमच्याकडे भांडण झालं की दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या काठोकाठ भरलेल्या असतात. तीच माफी. शेजारीपाजारी विचारलं तर सगळीकडे तीच तऱ्हा. कोणाचा नवरा न सांगता गॅस बुक करतो, कोणाचा पंखे पुसतो. परळच्या चाळीत माझे वडील आईशी भांडले की कोळणीकडून पापलेट घेऊन यायचे, आणि आई पापलेट साफ करता करता रडायची. आणि पुस्तकात तो सहा फुटी गडी पाच पानं माफी मागतो. कुठे चुकलो, का चुकलो, तुला तेव्हा काय वाटलं असेल, सगळं. मी ती पानं वाचून घरी आले आणि भरलेल्या बाटल्यांकडे बघून मला त्या दिवशी उगाचच राग आला.

माझ्यामुळे समोरच्या हिनाबेनना नाद लागला. हिनाबेन घरी खाखरे लाटून विकतात. पार्ल्याच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्या आहेत आणि त्याचा उपयोग कधी झाला नाही असं त्यांना वाटतं. त्यांनी माझ्या हातात पुस्तक बघितलं आणि मेरे को भी चाहिए म्हणून हटूनच बसल्या. पुस्तक एक, वाचणाऱ्या दोघी, आणि सानिकाला आवडलेली पानं परत वाचायची असायची, म्हणजे तिघी. त्यात ती स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरची प्रत, उन्हाने पाठीचा गोंद सुटलेला, पानं आपोआप बाहेर येत होती. हिनाबेननी एका दुपारी ढोकळा कापायची सुरी आणली, पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि सरळ तीन तुकडे केले. प्रत्येकाला एक काळी क्लिप लावली. पहिला, मधला, शेवटचा. झालं काम. मग आमचे तीन भाग या दारातून त्या दारात, खाखऱ्याच्या डब्यावरून माझ्या पर्समध्ये, पर्समधून सोफ्यावर असे फिरायला लागले.

मधल्या भागात एक प्रसंग होता. त्या मुलीला कोणी एक माणूस सतत मेसेज करून छळत असतो. एका पार्टीत तो समोर येतो. आमचा हिरो काही बोलत नाही. पुढे होतो, त्याची कॉलर धरतो, भिंतीला टेकवून पायांखालची जमीन सोडायला लावतो, आणि हळू आवाजात सांगतो की परत हिला मेसेज केलास तर बघ. ती मुलगी मागे उभी राहून भारावून बघत असते. हिनाबेननी ते वाचून मला व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात नुसता एक लांब उसासा होता. मी लॅबमध्ये ते पान दोनदा वाचलं आणि समोर उभ्या पेशंटचं नाव पुकारायचं विसरले. सानिकाने तर समासात पेन्सिलीने बदाम काढून ठेवला होता.

का आवडलं ते मला माहीत आहे. मी कॉलेजला असताना बसमध्ये एक माणूस रोज माझ्या मागे येऊन उभा राहायचा. घरी सांगितलं. वडील म्हणाले, उद्यापासून दुसऱ्या बसने जा. मी गेले दुसऱ्या बसने. ती लांबून जायची. त्या माणसाची कॉलर कोणी धरली नाही, मी पण नाही. ती कॉलर इतक्या वर्षांनी एका परक्या देशातल्या कागदी पुरुषाने धरली आणि मला बरं वाटलं. बाईला अशा पुस्तकात काय मिळतं असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगेन.

पण कागद तो कागद. पुस्तकातला हिरो सगळ्या जगाशी दगड आणि फक्त हिच्यापुरता लोणी. मी आजवर संसार बघितले त्यात गणित उलटं असतं. बाहेर लोणी, घरात दगड. पुस्तकात ती त्याची जर्सी अंगात घालून झोपते आणि तिला देवदारांचा वास येतो. नितेश पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने किटची बॅग दाराशी ठेवली आणि मला उदबत्ती लावावी लागली. ती जर्सी धुतं कोण, हा प्रश्न त्या शेकडो पुस्तकांत एकदाही येत नाही. पुस्तकात सासू नाही, टँकर नाही, गुडघा म्हातारा होत नाही. सीझन संपतो, कप जिंकतात, अंगठी निघते आणि पान संपतं. मी हे सगळं सानिकाला ऐकवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पुढचं पुस्तक मागायची.

एक दिवस नितेश आमच्या सोफ्यावर बसून सानिकाची वाट बघत होता. ती तयार होऊन आली तर त्याने विचारलं, हे तू सारखं काय वाचतेस. ती म्हणाली, वाच ना मग. पहिला भाग हिनाबेनकडे होता, शेवटचा माझ्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये. सोफ्यावर होता तो मधला. तोच तिने त्याच्या बॅगेत कोंबला, म्हणाली, असू दे, हाच भाग बेस्ट आहे. मी तिथेच भेंडी चिरत होते. मला गंमत वाटली. पोराचं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण त्याने तो भाग ओळीला बोट लावून वाचला म्हणे. नोकरीवर डबा खाताना वाचला.

मे महिना लागला. सानिकाच्या ऑफिसातला तिचा वरिष्ठ तिला नको ते मेसेज करायला लागला होता. आधी विनोद, मग तू आज छान दिसत होतीस, मग एकटी असतेस का. तिने आम्हाला काही सांगितलं नाही. नितेशला सांगितलं, मन मोकळं करायला म्हणून. त्याने नेहमीसारखं ऐकून घेतलं.  दुसऱ्या दिवशी दुपारी तो मालाडला त्यांच्या गेटवर जाऊन उभा राहिला, आणि तो वरिष्ठ चहाला बाहेर आला तशी त्याने त्याची कॉलर धरली. भिंतीला टेकवला. हळू आवाजात काय सांगायचं ते सांगितलं. सिक्युरिटी धावली, लोकांनी मोबाइल काढले, आणि सानिकाला वरच्या मजल्यावर बोलावून सांगण्यात आलं की तुमची खाजगी भांडणं कंपनीच्या दारात नकोत. प्रोबेशन संपायला थोडेच दिवस राहिले होते. पुढचं कळवेपर्यंत घरी बसा, म्हणाले.

ती घरी आली तेव्हा मी कैऱ्या किसत होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी किसणी खाली ठेवली. तिने सगळं एका दमात सांगितलं, आणि रडली नाही. थोड्या वेळाने नितेश आला. दारातच उभा राहिला, बूट न काढता. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, पण आमच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंत आहे असं म्हणणं म्हणजे उपचार.

कोणी सांगितलं होतं तुला, असं सानिकाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.  मग चेनचा आवाज आला. त्याने बॅगेतून मधला भाग काढला, क्लिप सोडवली, पान शोधलं.

"इथं तू बदाम काढलायस," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला असं पायजे."

मला वाटलं, आता ही पुस्तक त्याच्या अंगावर फेकणार. तिने तसं केलं नाही.

"मी ते मेसेज साठवून ठेवत होते, नितेश. मी ऑफिसच्या तक्रार कमिटीकडे जाणार होते. माझं भांडण होतं ते. तू घेऊन गेलास."

माझा चहा उतू गेला. गॅसवर पसरला, तरी मी हलले नाही. कारण मला एकदम दिसलं की त्या मधल्या भागात ती मुलगी मागे उभी असते, तिला कोणी काही विचारतच नाही, आणि आम्हा तिघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं. हिनाबेननी उसासा सोडला, मी पेशंट विसरले, सानिकाने बदाम काढला. आणि ज्याला काही बोलता येत नाही त्या पोराने ते सगळं खरं मानलं. राग कोणावर धरायचा तेच मला कळेना.

 मग नितेश म्हणाला, "मी काय करू आता? तू सांग."

"काहीच करू नकोस," सानिका म्हणाली. "मी सांगेपर्यंत काहीच नाही. फोन नाही, मेसेज नाही, फुलं नाहीत, कोणाला मध्ये घालणं नाही."

त्याने मधला भाग टीपॉयवर ठेवला आणि गेला. लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेला, त्या गुडघ्याने.

मग सुरू झाले ते दिवस. तशी तगमग मला बाळंतपणात झाली नाही. सानिका घरात, नोकरीचं काही कळत नाही, बाहेर वारा पडलेला, लाइट जायचे, इन्व्हर्टर कुईं करायचा. ती दिवसभर बसून मेसेजचे फोटो काढायची, तक्रारीचा मसुदा लिहायची, खोडायची. फोन वाजला की मी तिच्याआधी बघायची. नितेशचा नाही. बरं वाटायचं आणि चीडही यायची. अरे, असा कसा गप्प बसतोस? पुस्तकात हीच वेळ असते. तिसरा भाग. त्यात तो भरल्या स्टेडियममध्ये माइक हातात घेतो, सगळ्यांसमोर रडतो, चुकलो म्हणतो, आणि वीस हजार लोक उभे राहतात. हिनाबेन ते वाचून पदराने डोळे पुसत माझ्याकडे आल्या होत्या, उसको बोलो ना कुछ करे, असं म्हणत.

मला पण तेच वाटायला लागलं. या पोराला अर्धंच पुस्तक मिळालंय, बिचाऱ्याला पुढचं माहीतच नाही. एका संध्याकाळी मी लॅबमधून तिसरा भाग आणला, पिशवीत घातला, आणि मोरव्याला रिक्षा करून जायचं ठरवलं. चपला घालत होते तर सानिका मागे उभी. कुठे, म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं. त्याला वाचू दे, माफी कशी मागायची ते तरी कळेल.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि तो वाचून आला, तर मला कसं कळणार, बोलतोय ते त्याचं आहे की पुस्तकातलं? एकदा झालं ना आई तेच."

मी चपला काढल्या. पिशवी फ्रिजवर ठेवली. ती अजून तिथेच आहे.

त्या उन्हाळी हॉकी स्पर्धेची फायनल होती त्या दिवशी मी लॅबमधून लवकर निघाले आणि कोणाला न सांगता भाईंदरला गेले. मला भीती होती माइकची. त्या मैदानावर कॉमेंट्री करणारा एक उत्साही माणूस असतो, तो कोणाच्याही हातात माइक देतो. तिसरा भाग वाचला नसला तरी पोरगं हिंदी पिक्चर बघतच असणार. उसाच्या रसाच्या गाडीआड मी उभी राहिले, छत्री उघडून. नितेश मागच्या फळीत खेळत होता. चेंडू आला की अंगावर घेत होता, पडत होता, उठत होता, गुडघ्याला काळी पट्टी. जिंकले ते. याला कसलंसं बक्षीस मिळालं आणि झालं, कॉमेंट्रीवाल्याने माइक त्याच्या तोंडाशी नेला. दोन शब्द बोला, म्हणाला. मी रसाचा ग्लास घट्ट धरला.

"थँक्यू," नितेश म्हणाला आणि माइक परत दिला.

स्टेजवरून उतरताना त्याने मला बघितलं. आला. घामाने निथळत होता, कोपर सोललं होतं. आता विचारेल, सानिका कशी आहे, काही बोलली का, म्हणून मी तयारीत राहिले. तो म्हणाला, काकी, इथं ऊन हाय, मंडपात बसा. खुर्ची आणून दिली, स्वतःच्या आईच्या शेजारी ठेवली आणि गेला. तिचं नाव काढलं नाही. मला इतका राग आला की काय सांगू. आणि राग ओसरायच्या आत त्याच्या आईने माझ्या हातात सोललेले ताडगोळे ठेवले. बाई लहानखुरी, हिरव्या बांगड्या, गोळे सोलून सोलून बोटं काळी झालेली.

"पोर नुसता घरात बसून हाय," ती म्हणाली. "मी बोलली, जा, पाय धर तिचं. तर बोलतो, आई, तिनी सांगितलंय काय करायचं न्हाय. आता यो काय इलाज हाय का?"

 ताडगोळा थंड होता. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि मी ते पुसलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळं सानिकाने एकटीने केलं. तक्रार तिने दिली. गेटवर झालं ते चुकीचं होतं, हे तिने स्वतःहून त्यात लिहिलं, आणि मेसेज जोडले. कमिटीपुढे तीच गेली, आम्हाला कोणाला खाली थांबूसुद्धा दिलं नाही. तिला परत घेतलं, दुसऱ्या विभागात बसवलं, आणि त्या माणसाचं जे व्हायचं ते झालं. नोकरी पक्की झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी तिने नितेशला फोन केला. मी कान लावून होते. ये, एवढंच म्हणाली. तो आला तो कामावरच्या कपड्यांत, हातात काही न घेता.

त्याला आता वर्ष होत आलं. दोघं बोलतात, भांडतात. तो अजूनही कमीच बोलतो, पण विचारतो. जाऊ का, सांगू का, थांबू का. कधी कधी इतकं विचारतो की सानिका वैतागते. हे सगळं मला दिसतं. तरी ही तगमग काही जात नाही. धरली होती ना त्याने कॉलर? हाताला एकदा वाट माहीत झाली की? आणि हिचं काय, हिने अजून पुस्तकं सोडलेली नाहीत. तिचं कशाला, मी तरी कुठे सोडलीत. परवाच हिनाबेननी नवीन एक आणलं, तेही कापून झालंय.

म्हणून आज दुपारी, ती रविवारसाठी साडीला फॉल लावत बसली होती तेव्हा, मी एकदाचं विचारून टाकलं. फ्रिजचं दार उघडं टाकून, तिच्याकडे पाठ करून विचारलं. म्हटलं, खरं सांग, तुला हा आवडतो, की त्या पुस्तकातला आवडतो आणि हा जवळ होता म्हणून हा?

मला वाटलं, चिडेल. तिने दोरा दाताने तोडला.

"आई, मी त्याला काहीच करू नकोस म्हटलं, आणि त्याने काहीच केलं नाही. इतके दिवस. हे कुठल्या पुस्तकात आहे, दाखव मला."

मी तशीच उभी राहिले. मनातल्या मनात एकेक पुस्तक उघडलं. बर्फावरचे सगळे आठवून बघितले, तो स्टेडियममध्ये रडणारा, तो विमानतळावर धावत येणारा, तो बर्फाच्या वादळात तिच्या खिडकीखाली उभा राहणारा, तो अंगावर तिचं नाव गोंदवून घेणारा. सगळे काही ना काही करत होते. ती सांगेपर्यंत आपल्या घरी गप्प बसलेला एकही नव्हता. मी सगळी वाचलीत, मला माहीत आहे.

चुकलं गं माझं, असं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं पण होतं. मग फ्रिजमधल्या रिकाम्या बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या, ओट्यावर ओळीने मांडल्या आणि काठोकाठ भरायला लागले.